दुर्बीण, मायक्रोस्कोप आणि लेन्स दुरुस्तीचं दुकान: कोल्हापुरात हे काम कसं उभं करायचं

जून लागला की पहिला फोन येतोच, "काच आतनं धुरकट झालीया, पुसून निघंना." पुसून निघणार नाहीच, कारण ते आत आहे आणि बहुतेक वेळा ती बुरशी आहे. आपल्या गावचा पाऊस भिंगाला मानवत नाही, आणि म्हणूनच आपल्या गावात हा धंदा चालतो. मी चष्म्याच्या दुकानाबद्दल बोलत नाहीये, ते वेगळं. दुर्बीण, मायक्रोस्कोप, कॅमेऱ्याची लेन्स, रिफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर मोजायचा), मोजणीवाल्यांची ऑटो लेव्हल (जमिनीचा उंचसखलपणा मोजायची), टेलिस्कोप, असलं सगळं उघडून साफ करायचं, जुळवायचं आणि त्याच्या जोडीला थोडं विकायचं. अलीकडं दोनतीन पोरांनी विचारलं की आम्हाला हे शिकायचंय, कुठनं सुरू करू, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय.

आधी गिऱ्हाईक कोण ते बघा, म्हणजे काय शिकायचं ते कळेल. पॅथॉलॉजी लॅबा आणि कॉलेजं, त्यांचे मायक्रोस्कोप. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, त्यांचे मेटलर्जिकल मायक्रोस्कोप. साखर कारखान्यांच्या लॅबा. मोजणीवाले. लग्नाचे फोटोग्राफर. राधानगरी, दाजीपूर, आंबा घाटात पक्षी आणि गवे बघायला जाणारी मंडळी. आणि नेमबाजी करणारी पोरं, त्यांना सरावात टार्गेटवरचं भोक बघायला स्पॉटिंग स्कोप लागतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं तेव्हापासनं स्पॉटिंग स्कोपबद्दल विचारणारे आईबाप माझ्याकडं जास्त यायला लागले. आता हे सगळं एकदम हातात घेऊ नका. पहिलं वर्ष दुर्बीण आणि शाळाकॉलेजचे साधे मायक्रोस्कोप, बास. ऑटोफोकस लेन्सा, ज्यात रिबन केबल आणि मोटर असते, त्या हात बसल्याशिवाय उघडूच नका.

सगळ्यात महत्त्वाचं काम टेबलावर नाही, काउंटरवर होतं. वस्तू आली की गिऱ्हाईक समोर असतानाच टॉर्च लावून बघायची. एका बाजूनं छोटा एलईडी टॉर्च तिरका धरायचा आणि दुसऱ्या बाजूनं बघायचं, सरळ धरला तर डोळे दिपतात आणि काही दिसत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले दिसले तर बुरशी. सगळीकडं दुधासारखा पातळ पडदा असेल तर हेझ, म्हणजे बहुतेक ग्रीसमधलं तेल उडून काचेवर बसलंय. कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग किंवा चकचकीत डाग दिसले तर दोन काचा चिकटवलेल्या जागी सुटायला लागल्यात. बारीक तिरक्या रेघा असतील तर कुणीतरी शर्टाच्या टोकानं पुसलंय. हे सगळं पावतीवर लिहायचं, फोटो काढायचा, आणि बुरशी असेल तर तिथंच स्पष्ट सांगायचं की बुरशी निघेल पण तिनं कोटिंग, म्हणजे काचेवरचा पातळ थर, खाल्लं असेल तर तो व्रण राहणार, उजेडाच्या दिशेनं फोटो काढला तर थोडा फिका येणार. हे उघडायच्या आधी सांगितलं तर तुमचं ज्ञान आणि उघडल्यावर सांगितलं तर तुमची सबब, गिऱ्हाईक असंच धरतंय आणि त्याची काही चूक नाही.

हे मी शिकलो ते एका दुर्बिणीपायी. एक आजोबा त्यांच्या वडिलांची जुनी पोरो प्रिझमची (पुढच्या काचा मागच्यांपेक्षा लांब लांब असलेली) ७×५०, म्हणजे सात पटीची आणि ५० मिमी पुढच्या काचेची, घेऊन आले होते, आत बुरशी. मी उत्साहात पुढच्या काचा उघडल्या, साफ केल्या, परत बसवल्या, आणि बघतो तर दोन चित्रं. त्या काचेभोवती दोन विकेंद्री रिंगा असतात, त्या एकमेकींत फिरवून काच बारीक सरकवता येते, कारखान्यात तसंच जुळवलेलं असतं. मी खुणा न करता त्या फिरवून बाहेर काढल्या होत्या. तेव्हा मला परत जुळवता येत नव्हतं. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त दुर्बीण हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. पुढं सहा महिन्यांनी मी त्यांच्या घरी जाऊन ती नेली आणि जुळवून दिली, पण ते सहा महिने फार जड गेले. तेव्हापासनं नियम असा की कुठलीही रिंग फिरवायच्या आधी सुईनं किंवा बारीक मार्करनं खूण, प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो, आणि डाव्या बाजूचं सामान डाव्या डबीत, उजव्याचं उजव्या. एका वेळी एकच बाजू उघडायची, म्हणजे दुसरी बघून नीट जोडता येते.

हत्यारांवर पहिल्याच दिवशी लाखभर घालायची गरज नाही. दोन टोकांचा लेन्स स्पॅनर, रबराची गोल टोपणं (पुढची नावाची रिंग दाबून फिरवायला), हवेचा रबरी फुगा, चिमटे, चांगला दिवा, आणि जेआयएस मापाचे स्क्रू ड्रायव्हर. हे शेवटचं कुणी सांगत नाही. जपानी कॅमेरा-दुर्बिणीतले स्क्रू फिलिप्ससारखेच दिसतात पण ते फिलिप्स नसतात, साधा फिलिप्स लावला की वर घसरतो आणि स्क्रूचं डोकं खलास. आणि जे विकत मिळत नाही ते उद्यमनगरात. शिवाजी उद्यमनगरचा चांगला टर्नर ओळखीचा असणं ही कोल्हापुरात धंदा करण्यातली सगळ्यात मोठी सोय आहे. कंपनी म्हणते पार्ट बंद झाला, आपण जुनी रिंग घेऊन जायचं, तो आटे मोजतो, पितळेची किंवा अॅल्युमिनियमची नवी करून देतो. फक्त दोन गोष्टी सांगायच्या. एक म्हणजे आतल्या बाजूला चकाकी नको, मॅट काळं पाहिजे, नाहीतर आत उजेड उसळतो. दुसरं, मायक्रोस्कोपच्या ऑब्जेक्टिव्हचे (स्लाइडकडच्या भिंगाच्या नळीचे) आटे आरएमएस मापाचे असतात, व्यास साधारण २०.३२ मिमी आणि इंचाला ३६ आटे, जवळचं मेट्रिक माप टाकून चालत नाही. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी याच गावात देशी सिनेकॅमेरा बनवला, खरी कॉर्नरला त्याचा मानस्तंभ आहे, येताजाता दिसतो, आणि मला तरी तो बघून दर वेळी हुरूप येतो की इथं भिंग आणि लेथ एकत्र आणणारे आपण काही पहिले नाही.

आता बुरशी. हवेतला दमटपणा साधारण ६५-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिला की ती धरते, आणि जुलै-ऑगस्टात आपल्याकडं तो त्याच्या कितीतरी वर असतो. बीज हवेत सगळीकडंच असतात, त्यामुळं "ह्या लेन्सची बुरशी त्या लेन्सला लागली" ह्यात घाबरण्यासारखं फार नाही, खरं कारण दमटपणा आणि अंधार. कातड्याच्या केसमध्ये दुर्बीण घालून कपाटात ठेवणं हे तर बुरशीला आमंत्रण, कातडं पाणी धरून ठेवतंय. साफ करायला मी आधी नुसतं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरून बघतो, ताजी असेल तर निघते. नाही निघाली तर मेडिकलमधलं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पातळ अमोनिया सम प्रमाणात. लॅबचा कडक २५ टक्क्यांचा अमोनिया असेल तर एक भागाला चार-पाच भाग डिस्टिल्ड वॉटर घालून आधी पातळ करा. लागेल तेवढंच मिसळायचं, उरलेलं बाटलीत बंद करून ठेवायचं नाही कारण गॅस धरून बाटली फुटू शकते. खिडकी उघडी, हातमोजे, चष्मा. आणि घरातलं ब्लीच कधीही अमोनियाजवळ आणायचं नाही, त्यातनं विषारी वायू निघतो. काच बाहेर काढून मगच हे लावायचं, दोनतीन मिनिटं ठेवायचं, मधनं कडेकडं गोल पुसत यायचं, टिश्यू दर पुसण्याला नवा, मग डिस्टिल्ड वॉटर, मग अल्कोहोल. आरशावर, म्हणजे टेलिस्कोपचा आरसा किंवा रूफ प्रिझमचा (सरळ नळीच्या दुर्बिणीतल्या प्रिझमचा) चंदेरी भाग, तिथं अमोनिया चुकूनसुद्धा नको, अॅल्युमिनियम खाऊन टाकतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या लेन्सांवर आतलं कोटिंग इतकं मऊ असतंय की नुसत्या पुसण्यानं जातं, तिथं कडेला एक ठिपका करून बघा आणि नाद सोडायचा असेल तर तिथंच सोडा. एसीटोन प्लास्टिक आणि काळा रंग दोन्ही विरघळवतो, मी ते टेबलावर ठेवतच नाही.

जुन्या काही लेन्सांच्या काचेत थोरियम, म्हणजे किरणोत्सारी धातू, असतंय, ताकुमार ५० मिमी एफ १.४ सारख्या, त्या पिवळ्या पडतात. कुणी सांगतंय म्हणून घासायला जाऊ नका, काही दिवस यूव्ही दिव्याखाली ठेवली की पिवळेपणा उतरतो. असली काच घासणं किंवा फोडणं मात्र अजिबात नाही.

दुर्बिणीचं जुळवणं, म्हणजे कॉलिमेशन, हे ज्याला येतं त्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, कारण पडलेल्या दुर्बिणी घराघरांत आहेत आणि लोकांना वाटतं आता ही गेलीच. पडल्यावर आतलं प्रिझम हलतं आणि दोन नळ्या दोन ठिकाणी बघायला लागतात. तपासायची सोपी पद्धत सांगतो. दुर्बीण स्टँडवर घट्ट, लांबची बारीक खूण निवडा, मी गच्चीवरनं जोतिबाच्या डोंगराकडं लावतो, आकाश स्वच्छ असेल तर त्याहून चांगलं टार्गेट नाही. जवळची भिंत घेऊ नका, काहीशे मीटर तरी लांब पाहिजे. एका काचेवर हात धरून बघत राहा आणि एकदम हात काढा. क्षणभर दोन चित्रं दिसून मग एकत्र आली तर चूक आहे, तुमचे डोळे ती ओढून घेतायत, आणि तासभर वापरणाऱ्याचं डोकं त्यामुळंच दुखतं. वरखाली झालेली चूक डोळा सगळ्यात कमी सहन करतो, बाहेर फाकलेली त्याच्यापेक्षा थोडी, आत वळलेली सगळ्यात जास्त. त्यामुळं आधी वरखाली मारायचं. जुळवणं होतं ते प्रिझमच्या बारीक स्क्रूनं किंवा त्या विकेंद्री रिंगांनी, पाव आटासुद्धा पुष्कळ होतो, फिरवायचं, बघायचं, फिरवायचं, बघायचं. आणि इथं बरेच जण फसतात, एका रुंदीवर जुळवून देतात. म्हणजे आपल्या डोळ्यांतल्या अंतरावर बरोबर, पण दुसऱ्यानं दुर्बीण मिटवून किंवा उघडून घेतली की परत दोन. खरं जुळवणं म्हणजे दोन्ही नळ्या मधल्या बिजागरीच्या अक्षाला समांतर, म्हणून पूर्ण मिटवून, मध्ये आणि पूर्ण उघडून असं तीन ठिकाणी तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाला फोन करायचा नाही. गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी त्याच्याकडनंच रुंदी लावून घ्या आणि त्यालाच बघू द्या.

मायक्रोस्कोपचं काम सोपं आणि सतत येणारं. दहातल्या बऱ्याच तक्रारी "४०× ला स्पष्ट दिसत नाही" अशा असतात आणि कारण एकच, १०० च्या ऑब्जेक्टिव्हचं तेल ४० वर लागलेलं. १०० तेलात चालतो, ४० कोरडा, स्लाइड न पुसता टर्रेट (ऑब्जेक्टिव्हची फिरती चकती) मागं फिरवला की तेल लागलं. झायलीन अगदी थोडं टिश्यूवर घेऊन पुसायचं, ऑब्जेक्टिव्ह त्यात बुडवायचा नाही, आतला चिकटवलेला जोड सुटतो. स्टेज आपोआप खाली येत असेल तर पार्ट बदलू नका, आधी नॉबजवळची टेन्शन रिंग घट्ट करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे आणि त्याचे पैसे मी घेत नाही. लॅबच्या टेक्निशियनला समोर बसवून तेल कसं पुसायचं ते दाखवतो. काम कमी होईल असं वाटतं, होतं उलटं, वर्षाचा सर्व्हिसचा करार तोच माणूस साहेबांना सांगून मिळवून देतो.

साखर कारखान्यांचं काम हंगामाला बांधलेलं. गळीत साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं, म्हणजे सप्टेंबरात त्यांची यंत्रं तुमच्याकडं यायला पाहिजेत, धुराडं पेटल्यावर कुणी पोलॅरिमीटर (साखरेचं प्रमाण तपासायचं यंत्र) सोडत नाही. साखरेचा स्केल असा बांधलेला आहे की २६ ग्रॅम शुद्ध साखर १०० मिलीत, २०० मिमीच्या नळीत, २० डिग्रीला १०० दाखवते, आणि तपासायला क्वार्ट्झची प्लेट असते, ती कुठल्या कपाटात आहे ते केमिस्टना आधीच विचारून ठेवा. हॅण्ड रिफ्रॅक्टोमीटर मात्र शेतकऱ्यालाही विकता येतो, ० ते ३२ ब्रिक्सचा, ब्रिक्स म्हणजे ढोबळमानानं रसातल्या साखरेची टक्केवारी. उसाचा बुडखा आणि शेंडा दोन्हींचा रस बघायचा, दोन्हींचं ब्रिक्स जवळजवळ सारखं आलं की ऊस पक्व, एवढं दाखवलं की त्याला यंत्राची किंमत पटते. विकताना एटीसीवालाच (तापमानाचा फरक आपोआप भरून काढणारा) द्या, कारण साधा रिफ्रॅक्टोमीटर २० डिग्रीला लावलेला असतो, ३० डिग्रीच्या दुपारी तो पाऊण ब्रिक्सच्या आसपास कमी दाखवतो. डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून शून्य करायला शिकवा, बिसलेरीच्या पाण्यानं नाही. दुरुस्तीला येतो तेव्हा बहुतेक प्रिझमचं सील जाऊन आत पाणी गेलेलं असतं आणि निळ्या-पांढऱ्या सीमेची रेघ पुसट झालेली असते.

ऑटो लेव्हलबद्दल थोडक्यात, टू पेग टेस्ट येत नसेल तर हात लावू नका. बरोबर मध्ये उभं राहून दोन खुंट्यांतला फरक घ्यायचा, मग एका खुंटीजवळ जाऊन परत घ्यायचा, दोन्ही जुळले पाहिजेत. चुकीची लेव्हल दिली तर कुणाचा तरी स्लॅब नाहीतर गटार उलट्या उताराचं होतं.

विक्रीत माझं मत पक्कं आहे, दुरुस्ती आधी, विक्री तिच्या मागनं. लोक येऊन पहिला प्रश्न विचारतात, "किती किलोमीटरचं दिसतंय?" त्यांना मी गणित सांगतो, पुढच्या काचेच्या मापाला पटीनं भागा. ८×४२ म्हणजे सव्वापाच मिमी उजेडाचा गोळा डोळ्यात, १०×५० म्हणजे ५. आणि कुणी "१००×३०" म्हणून ऑनलाइन घेतलेली आणली तर ०.३, म्हणजे एकतर अंधार नाहीतर तो आकडाच खोटा, बहुतेक वेळा आकडाच खोटा. दाजीपूरच्या झाडीत ८×४२ च बरी, हात कमी हलतो आणि चित्र रुंद दिसतं. दिवसा दुर्बीण हातभर लांब धरून मागच्या काचेतला उजेडाचा गोळा बघायला सांगा, गोल असेल तर चांगलं, कडा चौकोनी कापलेल्या दिसल्या तर बहुतेक बीके७ या साध्या काचेचं प्रिझम आहे, बीएके४ या सरस काचेचं नाही. शक्य असेल तर संध्याकाळी रंकाळ्यावर दोन दुर्बिणी देऊन बघू द्या, अंधार पडत आला की फरक त्यांचा त्यांनाच कळतो. लहान मुलांच्या टेलिस्कोपच्या खोक्यात कधीकधी डोळ्याकडं लावायचा "सन" फिल्टर निघतो, तो मी गिऱ्हाइकासमोर मोडून टाकतो. उन्हानं तापून तो तडकतो आणि डोळा जातो, ह्यात तडजोड नाही. जुनी दुरुस्त केलेली दुर्बीण विकताना कागदावर लिहून द्या, काय केलं, कुठला व्रण राहिलाय, सहा महिने जुळणीची हमी.

कागदपत्रं फार नाहीत. उद्यम नोंदणी फुकट होते, छोट्या दुकानाला गुमास्त्याची ऑनलाइन सूचना पुरते. जीएसटीला नुसता माल विकणाऱ्याची मर्यादा ४० लाख आहे पण दुरुस्ती ही सेवा आहे, ती आली की २० लाख धरून चाला, आणि कारखाने-कॉलेजं बिल जीएसटीचंच मागतात. दर ठरवताना तपासणीचे वेगळे पैसे घ्या, मी २०० घेतो, काम केलं तर त्यातच वळते. नाहीतर दिवसभर फुकट तपासत बसाल. नेहमीच्या लॅबांना उधारी द्यावी लागते, पण स्पेअर आणायच्या आधी स्पेअरचे पैसे हातात. मायक्रोस्कोपचे बरेच सुटे भाग अंबाल्याहून येतात, दोनच मागवण्यापेक्षा डझन मागवा, बल्ब आणि फाइन फोकसचे भाग पडून राहत नाहीत. कुरिअर दोन खोक्यांत, आतलं खोकं बाहेरच्याला कुठंच टेकायला नको.

आणि पूर. २०१९ आणि २०२१ ला पाण्यात गेलेले मायक्रोस्कोप आम्ही टेबलभर बघितलेत. तेव्हा फोनवर एकच गोष्ट सांगायची, दिवा लावून बघू नका आणि चिखल वाळू देऊ नका. वीज काढून, वरनं स्वच्छ पाणी सोडून चिखल घालवा आणि ओलाच घेऊन या. वाळलेला चिखल काचेवर सँडपेपर होतो, आणि आत ग्रीसमध्ये बसला की गिअर जातात. असं यंत्र त्याच दिवशी उघडायचं, मग बाकीची कामं मागं राहिली तरी चालतील, गिऱ्हाइकांना फोन करून सांगा, अशा दिवसांत सगळे समजून घेतात.

दुकानात आलेली प्रत्येक वस्तू मात्र हवाबंद डब्यात, आत हायग्रोमीटर, ४० ते ५० टक्के. त्याहून फार कोरडंही नको, ग्रीस आणि रबर वाळतं. नारिंगी सिलिका जेल हिरवी पडली की ओव्हनला १०० ते १२० डिग्रीला दोनतीन तास. पावसाळ्यात मी हे दर रविवारी रात्री करतो, स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये नाही, दुकानात वेगळा छोटा ठेवलाय.